पाच बोटांची प्लेट

आमच्या कारखान्यात फिलिंगच्या खोलीतून बाहेर पडताना प्रत्येकानं हातमोज्यांसकट पाचही बोटं एका प्लेटवर हलकेच टेकवायची, आधी उजव्या हाताची, मग दुसऱ्या प्लेटवर डाव्या हाताची. प्लेटमध्ये जंतूंचं खाद्य असतं, खरवसाच्या वडीसारखं लिबलिबीत. ती चार-पाच दिवस उबेत ठेवली की बोटांवर काही आलेलं असेल तर तिथं ठिपके उगवतात. ठिपका उगवला की तो माणूस खोलीतून बाद. लागोपाठ तीनदा स्वच्छ प्लेटा दिल्याशिवाय त्याला परत आत सोडत नाहीत. या प्लेटा घ्यायचं आणि तपासायचं काम माझं. लोकांच्या बोटांचे ठसे बघण्यात माझी नऊ वर्षं गेली.

शेंद्र्याच्या त्या कारखान्यात वरच्या मजल्यावर टाक्यांमध्ये जंतू वाढवतात, त्यांच्याकडून औषध करून घेतात आणि खाली ते बाटल्यांत भरतात. मी एमएस्सी केली ती वरच्या मजल्यासाठी. मला जंतू वाढवायचे होते. नशिबी आलं ते कुठं काही वाढलं नाही ना हे पाहणं. घरी मात्र सगळे सांगायचे, आमची पोरगी संशोधन करते.

खोलीत शिरताना डोळे सोडून सगळं झाकायचं. आत नाक खाजवायचं नाही, भरभर चालायचं नाही, गरज नसताना बोलायचं नाही. मधल्या बोळकांडीला दोन दारं. एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही. तिथं हिरव्या दिव्याची वाट बघत उभी असताना कितीदा वाटायचं, आज काही हे उघडत नाही.

वर संशोधन विभागात जागा निघाली की मी अर्ज करायचे. तीनदा केला. तिन्ही वेळा आमचे साहेब हसून म्हणाले, “मॅडम, तुम्हाला सोडलं तर खोली कोण बघणार? तुमच्या कामात चूक सापडत नाही.” माझ्याबरोबर लागलेली मैत्रीण आठवड्याला एक तरी प्लेट सांडायची. ती केव्हाच वर गेली होती.

चौथ्यांदा जागा निघाली तेव्हा मला दुर्बुद्धी सुचली. माझ्याच प्लेटवर ठिपका आला तर? महिनाभर तरी खोलीतून सुटका. रिकामी बसलेली बाई वर पाठवायला साहेबांना काय अडचण?

त्या दिवशी भरणं संपलं होतं, बाटल्यांना बुचं लागली होती. आत मी आणि मशीन चालवणारे मामा, दोघंच. सगळे त्यांना मामाच म्हणायचे. मूळचे कन्नड तालुक्यातले, चौदा वर्षं त्याच मशीनवर, आणि त्यांच्या प्लेटवर कधी एक ठिपका नाही. मी त्यांच्या प्लेटा घेतल्या, ते बाहेर गेले. मग मी टोपीच्या कडेखाली तर्जनी घातली, कपाळावरचा घाम पुसला आणि बोटं प्लेटवर टेकवली. माल बंद झालाय, कुणाला धोका नाही, असं मी स्वतःला बजावत होते.

पाचव्या दिवशी तर्जनीच्या जागी तीन ठिपके आले होते. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मी स्वतःच जाऊन साहेबांना सांगितलं.

नऊ वर्षं नवीन पोरांना नियम शिकवणाऱ्या मला एक गोष्ट सुचली नव्हती. जी बाई हवेतले जंतू पकडायला दिवसभर खोलीभर प्लेटा मांडते, तिचेच हात अस्वच्छ निघाले तर त्या दिवसाची एकही प्लेट भरवशाची राहत नाही. सगळी बॅच अडकली आणि चौकशी लागली. ठिपके कातडीवरच्या साध्या जंतूंचे निघाले. ते माझ्या अंगावर असतात, मामांच्या असतात, साहेबांच्याही असतात.

साहेबांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. माझं वाक्य तयार होतं, घाम आला, चुकून हात लागला. पण मी तोंड उघडायच्या आत मामा बोलले.

“साहेब, मॅडमचं काय नाय. माझ्याच मनगटावर आठ दिवसांपासून पुरळ हाय. सांगितलं असतं तर आत सोडलं नसतं तुम्ही, म्हणून बोललो नाय. त्या दिवशी ष्टूल सरकलं तवा मी मॅडमचा हात धरला व्हता. माझ्याकडूनच गेलं असंल.”

अंगावर पुरळ असो की साधी सर्दी, ते आधी सांगायचं असतं. लपवणं हा ठिपक्यापेक्षा मोठा गुन्हा. साहेबांनी लिहिता लिहिता मान वर केली. “असं झालं होतं का, मॅडम?”

स्टूल सरकलं होतं. मामांनी हातही धरला होता. त्यानंतर मी मोजे बदलले होते, हे फक्त मला माहीत होतं. खरं सांगितलं असतं तर नमुना मुद्दाम खराब केला म्हणून नोकरी गेली असती आणि पुन्हा कुठल्या प्रयोगशाळेनं दारात उभं केलं नसतं. मला भीती वाटली. मी म्हणाले, “झालं असेल.”

बॅच नष्ट केली. मामांना कायमचं पॅकिंगला टाकलं. मी तीन स्वच्छ प्लेटा देऊन परत खोलीत. अर्जाचं विचारायला गेले तर साहेब म्हणाले, “आता मामाही नाहीत. तुम्हाला तर सोडणं शक्यच नाही.” करायला गेले एक आणि झालं भलतंच.

मामा आणि मी पुंडलिकनगरच्या एकाच बसला. दोन महिने ते पुढच्या सीटवर पाठ करून बसायचे. मला वाटायचं, त्यांना सगळं कळलंय. एका संध्याकाळी चिकलठाण्याच्या पुढं ते उठले आणि माझ्या शेजारी येऊन बसले.

“मॅडम, लई दिवस बोलायचं व्हतं,” ते हळू आवाजात म्हणाले. “नऊ वर्षांत तुमच्या प्लेटीवर कधी डाग नव्हता. माझ्यामुळं लागला. झोप येत नाय बघा. माफ करा.”

बसमध्ये निम्मे लोक पेंगत होते. ऐकणारं कुणी नव्हतं. मी तेव्हा बोलू शकले असते.

“असू द्या, मामा,” मी म्हणाले. “मी मनात ठेवलेलं नाही.”