देऊळघाट रस्त्यावरची खुनी विहीर

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सुनेला नाही. देवापुढे हात जोडतानाही हा विषय मी शिताफीनं टाळत आले. मग तुम्हालाच का? — तुम्ही ओळखीचे नाही, आणि तरी का कोण जाणे, आपले वाटता.

देऊळघाटच्या रस्त्यावर ‘खुनी विहीर’ नावाचा थांबा आहे. एस.टी.चा कंडक्टर तसंच ओरडतो. कुणी म्हणतं खून निजामाच्या काळात झाला, कुणी म्हणतं इंग्रजांच्या. मागे एका पेपरात तिच्यावर अर्धं पान छापून आलं. नातवानं मोठ्यानं वाचून दाखवलं आणि मला हसू आवरेना. हसू नये, कळतं मला — पण खरंच आवरेना.

महाराष्ट्र होऊन दोन-चार वर्षं झाली असतील. त्याच रस्त्याला गंगूचा मळा आणि माझा मळा, मध्ये एकच बांध. बुलढाण्याच्या बाजारातही आमची पोती शेजारी-शेजारी अंथरलेली. काय मजा होती म्हणून सांगू! गंगू हसायला लागली की समोरची बाई भाव करायचं विसरून जाई. तिची वांगी दुपारच्या आत संपत. माझी? — तीही चांगलीच होती हो, देवाशपथ. पण मी आपली त्यांच्यावर पाणी शिंपडत बसे.

जळत होते मी. तेव्हा मात्र स्वतःशीही कबूल केलं नसतं.

एका बाजारी गंगू पाणी प्यायला उठली. कचेरीतल्या कारकुनाची बायको तिची वांगी निवडत होती. मी सहज — अगदी सहज — तिला म्हटलं, हिच्या मळ्यातल्या विहिरीचं ठाऊक आहे ना? पूर्वी एकानं बायकोला मारून तीत टाकलं होतं म्हणे. बाईनं चटका बसल्यासारखं वांगं खाली ठेवलं.

त्या विहिरीत कुणीही मेलं नव्हतं. ती बाई मी तिथल्या तिथे जन्माला घातली आणि तिथल्या तिथे मारली.

पुढच्या बाजारी तीच गोष्ट मला कुऱ्हाडीसकट परत ऐकायला मिळाली. मी तर कुऱ्हाड घातलीच नव्हती! महिनाभरात गंगूची वांगी गुरांपुढे पडू लागली. शेवटी तिनं ती उपटली आणि पऱ्हाटी लावली — कापूस काही कुणी खात नाही. पऱ्हाटी चांगली आली, खामगावला गाडी भरून गेली, पण बाजारात बसणं सुटलं ते सुटलंच. आता माझी वांगी लवकर संपू लागली. पण शेजारी हसायला कुणी नाही. कसला तो बाजार?

आणि गंगूनं काय करावं? एक दिवस मलाच येऊन विचारते, “तिचं नाव काय होतं वं? इतकी वर्सं पान्यात एकटी पडून हाये. नावानं दिवा तं लावीन तिले.”

सांगून टाकायची हीच वेळ होती, नाही का? मी म्हणाले, चंद्रभागा.

गंगूनं विहिरीपाशी शेंदूर लावून दगड मांडला. दर अमावस्येला ती दिवा लावी, मी ताट धरी. वर्षानं तिला तीन मुलांवर मुलगी झाली. केवढा आनंद! मुलीचं नाव तिनं चंद्रभागा ठेवलं. बारशाला पाळणा मीच म्हटला — चांगल्या खड्या आवाजात.

चंदा आता खामगावला शाळेत बाई आहे. गोड पोरगी. परवा दिवाळीला आली, तेव्हा गंगूच्या अंगणात आम्ही तिघी शेंगा फोडत बसलो होतो. जिचं नाव मले ठेवलं ते कशी होती वं मावशी, असं तिनं विचारलं. आणि मी सांगत सुटले. कुणाचं सांगणार? गंगूचंच सांगितलं सगळं — तिचं चालणं, तिच्या थट्टा, परक्या माणसालाही दोन शब्दांत आपलंसं करणं. चंदा हरखून ऐकत होती. गंगूनं डोळ्यांना पदर लावला.

“चांगली होती बिचारी,” ती म्हणाली. “कोनं केलं असंन वं तिचं असं?”

मी केलं होतं. मी शेंगा फोडत राहिले.