राजेगाव खाली, बैहर वर

वहिनीचा फोन सकाळी सातला आला. "भाऊजी, तुमचे दादा गेले," एवढंच म्हणाली आणि फोन तसाच चालू राहिला... मागे कोणीतरी हिंदीत शेजाऱ्यांकडे खुर्च्या मागत होतं. नागपूरहून मध्यप्रदेशातल्या बालाघाटला पोचेपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर दादाचा चेहरा नव्हता, त्याच्या कॉम्प्युटरचा स्क्रीन होता. सख्खा भाऊ गेल्यावर हे आठवावं याची लाज वाटली. पण त्याला कारण होतं, आणि ते कारण मीच होतो.

दादा सरकारी कचेरीत बाबू होता. निवृत्त झाल्यावर घरी बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायला लागला. कोणाची पेन्शन अडलेली, कोणाच्या नावात चूक. "जिंदगीभर लोकायले 'कल आना' म्हटलं, वसंता," तो म्हणायचा, "आता एकेक उलटं फेडून राह्यलो." अर्ज हिंदीत, बोलणं आपल्या मराठीत, आणि चहा दोन्ही भाषेवाल्यांना. त्याच्या स्क्रीनवर मात्र बघवत नसे. जिकडे तिकडे फायली, कोपऱ्यात पाच, खाली चार, मध्येच एक एकटी. आणि प्रत्येकीचं नाव तेच. 'नया आवेदन', 'नया आवेदन २', 'नया आवेदन ३'... असं शंभराच्या पुढे.

माझी सगळी नोकरी ग्रंथालयात गेली. पुस्तक एक बोट इकडचं तिकडे झालं तरी मला जेवण जात नाही. मागच्या दिवाळीत दादा आंघोळीला गेला आणि मी खुर्ची ओढली. सगळ्या फायली एका फोल्डरमध्ये टाकल्या, क्रमानं लावल्या, स्क्रीन धुतल्यासारखा निळा केला. दादा पंचा खांद्यावर टाकून आला, बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "बेस केलं. साफ झालं." मला वाटलं, खूश झाला.

दुपारी राजेगावहून एक बाई आली. "बाबूजी, माह्या पेन्शनचा कागद झाला काय?" दादा बसला. एक फाईल उघडली, चष्मा वर केला, बंद केली. दुसरी उघडली. अर्धा तास हेच. मी पलंगावरून शहाणपण पाजळलं, "दादा, फायलीले नाव देत जा ना!" तो फक्त "हौ" म्हणाला. शेवटी त्या बाईकडे न बघता म्हणाला, "बाई... कल आना." तिनं पिशवी उचलली आणि निघाली. ते ऐकायची तिला सवय असावी. दादा दाराकडे बघत बसला. मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं नागपूरला आलो, आणि घरी सांगितलं की दादाचा कॉम्प्युटर लायनीत लावून दिला. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मीच.

तेरावं झाल्यावर वहिनीनं कॉम्प्युटर लावून दिला. स्क्रीन पुन्हा विस्कटलेला होता. मी बघत राहिलो, तेव्हा तिनं बोट ठेवून दाखवलं. "हे वर उजवीकडे बैहरचे. हे डाव्या बाजूले कटंगीचे. खाली राजेगाव. मधात आपलं बालाघाट. मोतीबिंदूनं त्यायले बारीक अक्षर दिसेना ना भाऊजी, मंग जागेवरून वळखत." मोतीबिंदूचं दादा मला कधी बोलला नव्हता. मीही कधी विचारलं नव्हतं. त्यानं स्क्रीनवर जिल्हा मांडला होता आणि मी तो झाडून एका डब्यात भरला होता.

"मले काहून नाही सांगितलं?" मी विचारलं.

"म्या म्हटलं सांगा. तर म्हणे, त्यानं भल्यासाठी केलं, त्याले काहून दुखवू?" पुढचं तिनंच सांगितलं: ती राजेगावची बाई परत आलीच नाही. दादा दोन दिवस एकेक फाईल उघडून तिचा कागद शोधत होता. सापडल्यावर स्वतः बसनं जाऊन देऊन आला. मग दिवाळीपासून रोज थोड्या थोड्या फायली उघडून, आतलं गाव वाचून, पुन्हा जागेवर ठेवत होता. मी फोनवर विचारायचो, "काय करून राह्यला?" तो म्हणायचा, "काही नाही, टाइमपास."

माझ्या फोल्डरमध्ये अजून नऊ फायली उरल्या होत्या. वहिनी शेजारी बसली आणि आम्ही त्या लावायला घेतल्या. आठ लागल्या. नवव्या अर्जात नाव होतं, नवऱ्याचं नाव होतं, गाव लिहायचं राहिलं होतं. दादाला ते लिहायची गरजच नव्हती, त्यानं फाईल जिथे ठेवली तेच तिचं गाव.

"ही बाई कुठची आहे भाऊजी?" वहिनीनं विचारलं. "वाट पाहत असंल बिचारी."

पाठ भरून आली होती, डोळे चुरचुरत होते. "उद्या पाहू," मी म्हणालो.

त्यात मला दादाचं 'कल आना' ऐकू आलं. मी उठलो होतो, तो पुन्हा दादाच्या खुर्चीत बसलो आणि तो अर्ज पहिल्यापासून वाचायला लागलो.