बाराशे कसले?

मूर्खपणा मी आयुष्यात पोत्यानं केला. पण एका माणसाचं अर्धं आयुष्य पुसून वर "झालं बरं का!" म्हणून ओरडले, ते एकदाच. माझ्या नातवंडांना वाटतं, आजीला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही. बरोबर आहे त्यांचं. तेव्हाही कळत नव्हतं; फक्त तेव्हा त्याचा पगार मिळत होता.

तो माणूस म्हणजे आमचे कसलेसाहेब. हे त्यांचं आडनाव नव्हे. कुणी नुसता आकडा उच्चारला की ते त्याला तिथंच अडवायचे. "साहेब, चार राहिले." "चार कसले?" लोधिवलीला हायवेलगत आमची बियाण्यांची लहानशी कंपनी होती. समोर चहा विकणारी पारूमावशी रोज मुद्दाम विचारायची, "साहेब, दोन घालू?"

"दोन कसले गं?"

"चमचं वो, चमचं! मुठीनं घालीन काय साखर?"

"तुझा काय भरवसा!"

हे त्या दोघांचं रोजचं भजन. मी लांबून नाक मुरडायची. मुंबईला जाऊन संगणकाचा कोर्स करून आलेली, अंबाड्यात पेन खोचून फिरणारी मी. मला वाटायचं, माणूस चक्रम आहे.

एकदा डबा खाताना त्यांनी वडिलांचं सांगितलं. वडील दुसऱ्याच्या शेतावर राबायचे, मजुरी भातात. मालकाच्या घरी भात मोजायच्या पायल्या दोन होत्या. देताना लहान निघायची, घेताना मोठी. छप्पन साली घरानं धम्म स्वीकारला, आणि त्यानंतरच्या झोडणीला वडील खळ्यावर पहिल्यांदा बोलले, "चार पायल्या खऱ्या, पन कसल्या पायल्या?" पुढच्या वर्षी त्यांना त्या शेतावर कुणी बोलावलं नाही. "आकडा खोटं बोलत नाय गं बाय," साहेब म्हणाले, "पन एकटा आला तर त्याला घरात घेऊ नये." मी मान डोलावली आणि लोणचं मागितलं.

त्यांचं खरं वेड म्हणजे जुनं भात. झिणी, पटणी, कोळंब, राता. कर्जत-खालापूरच्या गावागावांतून मूठ मूठ वाण मागून आणायचे आणि पळसदरीला कंपनीच्या जमिनीच्या तुकड्यावर दर वर्षी लावायचे. कोणतं पाण्यात उभं राहतं, कोणतं आधी पिकतं, सगळं टिपायचे. बियाण्याच्या डब्यांवर फक्त क्रमांक. कोणत्या क्रमांकाचं वाण कोणतं, ते कुठलं आणि कसं वाढतं, हे एका फ्लॉपीवर. मूळचे कागद वाळवीनं खाल्ले होते. मुंबईचे मोठे साहेब तो तुकडा बंद करायच्या विचारात होते आणि पाहणीला येणार होते. त्यांच्यापुढं ठेवायला आमच्याकडं एवढंच होतं.

आधी फ्लॉपीची नक्कल मशिनवर उतरवून ठेव, असं साहेबांनी मला सांगितलं. हुकूम साधा होता. एक घास केवढा आणि असे किती घास, एवढंच मशिनला सांगायचं. घास एक 'के'चा, म्हणजे हजारभर अक्षरांचा, असे बाराशे. "एकाला चिकटून के लिही," साहेब म्हणाले. "नुसता एक लिहिलास तर ते एकच अक्षर उचलील." मी "हो हो" म्हटलं आणि नुसता एक लिहिला.

पडद्यावर आलं: आत बाराशे, बाहेर बाराशे. पापणी लवायच्या आत काम फत्ते. एरवी त्या कामाला चहा गार होईस्तोवर वेळ लागायचा. दुसऱ्या कुणाला शंका आली असती. मला स्वतःच्या हुशारीची खात्री पटली.

"साहेब, झालं बरं का! बाराशे गेले!"

ते दारात होते, पळसदरीला निघालेले. "बाराशे कसले?"

"अहो घास! आणखी कसले?"

ते हसले आणि गेले. फ्लॉप्यांची टंचाई होती, म्हणून मी ती लगेच पुसली आणि तिच्यावर ऑफिसची पत्रं चढवली.

पाहणीच्या आदल्या दिवशी साहेबांनी ती नक्कल उघडली. झिणीच्या काही ओळी आल्या, पटणीच्या आल्या, कोळंबाचं नाव अर्ध्यात तुटलं. पुढं काही नव्हतं. मी कळा बडवत राहिले. मशिन बसवणाऱ्या माणसाला बोलावलं. त्याला फ्लॉपीवर फक्त माझी पत्रं सापडली, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. मी रडत बसले. साहेब स्वतःशीच म्हणाले, "घास केवढा, ते मी इचारलं नाय."

मुंबईचे साहेब आले. त्यांनी फडताळ उघडून पाहिलं. "डबे तर पुष्कळ आहेत. यांत आहे काय?"

"भात," कसलेसाहेब म्हणाले.

तुकडा बंद झाला. चूक कुणाची, हे कसलेसाहेबांनी कुणालाही सांगितलं नाही, आणि ते मला जास्त टोचत होतं. दुपारी पारूमावशीनं विचारलं, "दोन घालू?" ते म्हणाले, "घाल." तिचा चमचा हवेतच राहिला. "साहेबांना काय झालं गं?" तिनं मला विचारलं. मी माझा चहा उचलून ऑफिसात पळाले. त्यानंतर महिनाभर त्यांच्यासमोर कुणीही कसलाही आकडा म्हणावा, ते नुसती मान हलवायचे. मी तर मुद्दाम नुसते आकडे बोलायची. आठ आले, साहेब. तीन उरले, साहेब. काही नाही. त्यांचं भात गेलं होतंच. माझ्यामुळं माणूसही जातोय, असं वाटून मला जेवण जाईना.

मग त्यांनी राजीनामा दिला. कंपनी ते डबे कोंबड्यांना घालणार होती, ते मागून घेतले. पळसदरीला त्यांच्या वाटणीचं एक खाचर होतं. तिथं आवणीला, म्हणजे भातलावणीला, एकेक डबा वेगळा लावून, कोणतं वाण कोणतं ते पहिल्यापासून ओळखणार, असं पारूमावशीकडून कळलं. निघायच्या दिवशी मी टेंपोत डबे चढवले. माफी मागायला तोंड उघडलं तर भलतंच बाहेर आलं, "साहेब, मी येऊ का पळसदरीला? दोन दिवस?"

टेंपो सुरू झाला होता. त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढून माझ्याकडं पाहिलं.

"दोन दिवस कसले गं? पाव्हनचाराचे का चिखलातले? चिखलातले असले तर आवणीला ये, डबे लय हायेत."