मामांनी बसवलेला कमोड

"टेप! जावईबापू, टेप! बुडतोय मी इथे!"

हा आक्रोश मुलुंडच्या एका वन रूम किचनमधल्या संडासातून येत होता आणि तो करत होते माझ्या बायकोचे मामा. बुडण्याइतकं पाणी अर्थातच नव्हतं. नुकत्याच बसवलेल्या अँगल कॉकमधून बारीकशी धार उडून त्यांच्या चष्म्यावर येत होती, एवढंच. पण माझं स्पष्ट मत आहे की मुंबईला पाणी कमी पडतं त्याला पाऊस जबाबदार नाही, मामांनी स्वतः बसवलेले नळ जबाबदार आहेत. प्लंबर दारात आला की मामांना घरात साप शिरल्यासारखं होतं. घाटकोपरच्या दुकानात हाच अँगल कॉक निवडताना त्यांनी डझनभर कॉक नखाने वाजवून कानाला लावले. "हा बसका आहे, दुसरा दाखव." शेवटी दुकानदार हात जोडून म्हणाला, "काका, नल है, तबला नहीं." मग मामा शोकेसमधल्या एकेका कमोडवर बसून पेपर वाचायला लागले. अग्रलेख संपेपर्यंत पायाला मुंग्या आल्या नाहीत तर माल चांगला, ही त्यांची कसोटी. एका गिऱ्हाइकाने त्यांनाच मालक समजून भाव विचारला आणि मामांनी, बसल्या जागेवरून, तो सांगितलाही.

एवढा खटाटोप मामींच्या गुडघ्यांसाठी. जुन्या भारतीय संडासात बसलेल्या मामींना उठवायला माणूस लागायचा, म्हणून त्या शेजाऱ्यांच्या कमोडवर जायच्या. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून दर खेपेला वाटीभर काहीतरी घेऊन. शेजारी शिरा खाऊन खाऊन गुटगुटीत झाले. मामींनी मात्र संध्याकाळचा चहा सोडला. कारण विचारलं की म्हणायच्या, "पित्त होतं हो." पित्त नव्हतं. उतरत्या उन्हात पुन्हा शेजाऱ्यांची बेल वाजवायची लाज वाटायची.

मामांची दुसरी भानगड म्हणजे त्यांचा पाट. घरात डायनिंग टेबल आहे, पण त्यावर इस्त्रीचे कपडे जेवतात. मामा जेवणार खाली, वडिलांच्या शिसवी, पितळी फुल्यांच्या पाटावर. एकदा चुकून माझा पाय त्याला लागला, तर सगळ्या पाहुण्यांदेखत मला त्या लाकडाला नमस्कार करायला लावला. "देवाच्या मूर्तीला लाथ मारशील काय रे?" लग्नात मिळालेलं 'अहो-जाहो' त्या दिवशी गेलं ते परत यायला दिवाळी उजाडली.

तर, धार थांबली. पांढरं सिमेंट सुकलं. मामींचे गुडघे वाकायलाच नकोत, म्हणून मामांनी कमोडखाली विटांचा ओटा घातला होता. उंची ठरवली स्वतः बसून. मामा म्हणजे उभा विजेचा खांब आणि मामींचा अंबाडा त्यांच्या शर्टाच्या खिशाला टेकतो, हे एवढ्या मापामापीत कुणाच्या लक्षात आलं नाही. मामींना दुकानात न्यायचं मी सुचवलं होतं. "छ्या! सरप्राइज आहे!"

फ्लशच्या टाकीला हळदकुंकू लागलं. नारळ मामींनी कसाबसा हिसकावून घेतला आणि आत गेल्या. आम्ही ऑपरेशन थिएटरबाहेर उभं राहावं तसे उभे.

"अगं, कसं वाटतंय?" मामा दाराला तोंड लावून ओरडले.

आतून हळूच आवाज आला, "छान आहे हो. पाय तेवढे टेकत नाहीत."

मामांच्या हातातला पाना खाली आला. त्या दिवशी ते पुढे कुणावरच ओरडले नाहीत, आणि हे मी प्रथमच पाहिलं.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो. संध्याकाळी मामी गॅलरीत बसून चहा पीत होत्या, बशीत ओतून, फुर्रफुर्र आवाज करत. दुसरा कपही त्यांनीच मागितला. रात्री जेवायला मामा डायनिंग टेबलाशी बसले होते, गुडघे टेबलाला अडकवून, इस्त्रीचे कपडे बाजूला सारून. मी भिंतीकडे पाहिलं. पाटाची जागा रिकामी होती.

"मामा, पाट कुठाय?"

"हिच्या पायाखाली असतो," मामा म्हणाले. "आमटी दे."