तेरा वेढे

आमच्या घरात मुलं दोन होती आणि ऐपत एकालाच शिकवण्याची होती. थोरली बहीण सातवीत वर्गात पहिली आली, त्याच उन्हाळ्यात बाबांनी तिची शाळा बंद केली. मी तेव्हा चौथीत होतो आणि जेमतेम पास झालो होतो. "पोरीले शिकवून का करतं? परक्याचं घर भरतं का?" एवढं बोलून बाबा कामावर गेले. पुढे पावसाळ्यात ओली लाकडं पेटेनात, तेव्हा आई ताईच्या वह्यांची पानं फाडून चूल पेटवायची. ताई समोर बसून भाकरी थापायची. कोणाला त्यात काही वाईट वाटलं नाही. मलाही नाही.

बाबा सक्करदऱ्याजवळ एका आरा मशीनवर लाकडं कापायचे. उजव्या हाताची दोन बोटं तिथंच गेली. घरात वीज नव्हती. पलीकडच्या गल्लीत जळालेल्या मोटारी आणि पंखे दुरुस्त करणारा एक वाइंडिंगवाला होता. ताई त्याच्याकडून तांब्याची तार आणून घरी कॉइल गुंडाळून देऊ लागली. दाराच्या उजेडात बसायचं, लाकडी ठोकळा मांडीवर घ्यायचा, तार बोटांतून सोडायची, आणि दर शंभर वेढ्यांना एक चिंचोका वाटीत टाकायचा. मधे कोणी हाक मारली तर ती ओ देत नसे. तिचे चिंचोके कधी चुकले नाहीत. त्या तारेवर मी कॉलेजात गेलो. आमच्या खानदानातला, आमच्या गल्लीतलाही, पहिला बी.एस्सी. मी. त्याचा मला गर्व होता, आजही आहे. उगाच कशाला लपवू?

पण पास होऊन वर्ष झालं तरी नोकरी लागेना. बाबा जेवायला बसले की सुरू व्हायचे. "काय बे बी.एस्सी., आज कोणतं हापिस उघडून आला? बोटं माह्यी गेली, अन् हात याचे रिकामे!" आई हसायची. ताई हसायची नाही, पण भाकरी मात्र मला शेवटी वाढायची.

एक दिवस तिनंच बातमी आणली. चौकातल्या रेडिओच्या दुकानाचे शेठ कॉइल गुंडाळणारं माणूस शोधत होते.

"मी जाऊन विचारू का गा?" तिनं मला विचारलं.

"तू? मोटार अन् रेडिओतला फरक तरी समजते का वं तुले?"

"तार तर तांब्याचीच असते ना?"

"दुकानात बाई पाहून गिऱ्हाईक पळून जाईन. त्यात अशी बाई!"

ताईच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. त्यांच्याकडे बघूनच मी ते बोललो होतो. ती उठली आणि घागर घेऊन पाण्याला गेली. दुसऱ्या दिवशी त्या दुकानात मी गेलो.

शेठनी माझा डिग्रीचा कागद उलटसुलट पाहिला आणि एक धुळीनं भरलेला व्हॉल्व्हचा रेडिओ पुढ्यात ढकलला. एका म्हाताऱ्या वकिलाचा होता. त्यावर फक्त मीडियम वेव्ह लागायची, आणि वकिलाला लंकेवरून येणारी हिंदी गाणी ऐकायची होती. ती शॉर्ट वेव्हवर यायची.

"बुढा नवा सेट घेत नाही," शेठ म्हणाले. "याच डब्ब्याले बोलतं कर म्हणते. शनिवारपर्यंत शॉर्ट वेव्ह लावून आण. लागली, तर सोमवारपासून या टेबलाशी बस. हा कागद तोवर इथं राहू दे, नाही लागली तर परत मागू नको. स्क्रू बांधायले पुड्या लागतेत मले."

बाकीचं सामान शेठनी दिलं. स्टेशन धरणारं मुख्य कॉइल तेवढं हातानं गुंडाळायचं होतं. मी वाचनालयातलं इंग्रजी पुस्तक काढलं, त्यातला फॉर्म्युला उतरवला, नळीचं माप घेतलं, गणित केलं. उत्तर आलं आठ वेढे. मी स्वतः आठ वेढे घातले. ते वेढे एकमेकांवर चढले होते. सेट वाइंडिंगवाल्याकडे नेला, कारण वीज त्याच्याकडे होती. एरियलची तार कडुनिंबावर फेकली आणि बटण फिरवलं. तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तशी नुसती चरचर. वाइंडिंगवाला म्हणाला, "छान पाऊस पडून राहिला लंकेत!"

मी घरी येऊन ताईवर खेकसलो. तारच खराब, असं म्हणालो. मग नळी तिच्या पुढ्यात टाकली. "आठ टर्न घाल. साफसूफ. आठच."

तिनं नळी बोटांत फिरवून पाहिली. "आठ कमी नाही वाटत?"

"गणित आहे ते. तू डोकं नको चालवू, हात चालव."

शुक्रवारी दुपारी मी जेवून झोपलो. उठलो तेव्हा कॉइल सेटच्या पोटात बसलं होतं, वरून मेणाचा हातही दिला होता. आम्ही पुन्हा वाइंडिंगवाल्याकडे गेलो. बटण फिरवलं आणि बाईच्या आवाजातलं गाणं असं स्वच्छ आलं की गल्लीतली पोरं दाराशी जमली; वाइंडिंगवाला मात्र ताईकडे बघून हसला. मी सेट उलटा करून पाहिलासुद्धा नाही. आठ वेढ्यांत पाहायचं काय? घरी जाऊन बाबांना सांगितलं, "माहा हिशेब बरोबर निघाला." बाबा पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले. ताईचं नाव मी काढलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

शनिवारी सेट दुकानात न्यायचा होता. तो जड होता. ताईनं चुंबळ करून डोक्यावर घेतला आणि मी मागून रिकाम्या हातांनी चाललो, कारण भर चौकात ग्रॅज्युएटनं ओझं वाहणं मला शोभत नव्हतं. दुकानात सेट ठेवून ती पायरीवर उभी राहिली.

रेडिओ वाजला. गिऱ्हाईकं वळून पाहू लागली. शेठनी सेट बंद केला, उलटा केला, कॉइलवरून अंगठा फिरवला. "वा! हा हात कोणाचा?"

"माझाच," मी म्हणालो. खोटं बोलतोय असं तेव्हा वाटलंही नाही. गणित माझं होतं. हात काय, कोणाचेही असतात.

"तर मग सोमवारपासून ये."

"शेठ," पायरीवरून ताई म्हणाली, "किती टर्न आहेत ते विचारा त्याले."

"आठ," मी ताडकन म्हणालो.

शेठनी चष्मा लावला आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. आठवर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पुढे मोजत राहिले. तेरा.

"आठाले कसा वाजन?" ताई म्हणाली. "काल दुपारी हा घोरून राहिला होता. मी सेट वाइंडिंगवाल्याकडे नेला अन् एकेक टर्न वाढवत गेली, वाजेपर्यंत. याले तर तारही सोलता येत नाही, शेठ. दातानं सोलते."

शेठनी गणिताचा कागद मागितला. तो माझ्या खिशात होता, घडी घातलेला. त्यांनी तो वाचला आणि टेबलावर हात आपटून हसले. "अरे, फॉर्म्युला इंचाचा आहे, अन् साहेबानं माप टाकलं सेंटिमीटरचं! कॉलेजात फूटपट्टी नाही दाखवत का गा?"

"आता त्या कागदाची पुडी बांधा, शेठ," एक गिऱ्हाईक म्हणालं. सगळे हसले.

मी म्हणालो, "शेठ, बसवा तिले. पण तोंड पाहून घ्या आधी."

ताईनं मान खाली घातली नाही. शेठ म्हणाले, "गिऱ्हाईक रेडिओचं तोंड पाहते बे." त्यांनी तारेचं रीळ आणि कोरी नळी टेबलावर ठेवली. "ये बाई. अजून एक गुंडाळ, माह्यासमोर." ताई वर आली, पदर खोचला आणि बसली. तेरा वेढे होईपर्यंत तिनं कोणाकडे पाहिलं नाही. माझा डिग्रीचा कागद शेठनी मला परत दिला. दिला नसता तर बरं झालं असतं, असं मला त्या क्षणी वाटलं.

घरी बाबांना सगळं कळलं. तिची शाळा सोडवल्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. सोमवारी दुपारी माझ्यापुढे डबा सरकवला. "जा, तिले पोचवून दे. चार पोळ्या आहेत. मोजता येईन ना तुले?"

शाळेत विज्ञान शिकवण्याची नोकरी मिळेपर्यंत, आठ महिने, मी तो डबा पोचवला. ताई तो माझ्या हातातून घ्यायची आणि पुन्हा तारेकडे वळायची. मीही माफी मागितली नाही.

वकिलाच्या त्या जुन्या सेटवर लंका लागली. त्यानंतर त्या दुकानातून शॉर्ट वेव्ह लावून गेलेल्या प्रत्येक जुन्या सेटचं कॉइल ताईनं गुंडाळलं, आणि दुकान बंद होईपर्यंत ती त्या टेबलाशी बसली.