खंडेनवमीची मोटार

पोलिसाच्या नोकरीत खून-दरोडे पुष्कळ पाहिले, पण मनातून जात नाही ते बंगळुरातलं एक ब्रेकचं प्रकरण. साठचं दशक होतं. खंडेनवमीच्या दुपारी एक जुनी विलायती मोटार घरासमोरचा उतार उतरली आणि खाली थांबलीच नाही. एका सायकलस्वाराचा पाय मोडला, गाडी कुंपणाच्या भिंतीवर आदळली.

गाडीचे मालक वकील, बंगळुरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी घराण्यातले. नुकतेच त्यांनी पुढच्या चाकांचे ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवून घेतले होते. ड्रम ब्रेक बंद डब्याच्या आत लागतो. डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणारी पोलादी तबकडी उघडीच असते आणि दोन्ही बाजूंनी तिला चिमटा बसतो. हे काम करणारा माझ्या माहितीत एकच मिस्त्री होता, बेळगावकडचा. वकिलांनी त्याच्याविरुद्ध फिर्याद दिली आणि संध्याकाळी तो आमच्या कोठडीत आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीच्या शेजारच्या गॅरेजवाल्याने खबर दिली, "साहेब, ते ब्रेक चोरीचे आहेत." खबर देणारा कायद्याआधी स्वतःचा फायदा बघतो, हे ठाऊक असूनही चौकशी केली. अपघातात मोडलेल्या एका परदेशी गाडीचे ते भाग मिस्त्रीने रीतसर विकत घेतले होते. खबर फुसकी निघाली. पण मोटार निरीक्षकाचं मत जड होतं. तबकड्या तेलकट होत्या. तो म्हणाला, "ग्रीस गळलंय. बसवणाऱ्याचाच दोष."

गुन्हा शाबित झाला असता तर मिस्त्रीला तुरुंग होताच, शिवाय पुन्हा कुणी त्याच्या हाती गाडी दिली नसती. मी त्याला समोर बसवून आवाज चढवला.

तो म्हणाला, "साहेब, चूक माझी असली तर शिक्षा द्या. पण ग्रीस गळलं कुठून, तेवढं मला बघू द्या."

गुन्हेगार सुटका मागतो. हा माणूस कारण मागत होता. तो खोटं बोलत नाही, असं मला तेव्हाच वाटलं.

बाहेर आमचा हवालदार रायफली पुसत होता. आदल्या दिवशी ठाण्यातही शस्त्रपूजा झाली होती आणि भक्तीत हा गडी हात राखत नसे. तेलात कालवलेल्या कुंकवाने त्याने रायफलींना मळवट भरले होते. आता तोच करवादत ते काढत होता. फडकं लालसर काळं झालं होतं.

ते फडकं पाहिलं आणि मी तडक ठाण्याच्या आवारात आणून ठेवलेल्या त्या मोटारीकडे गेलो. तिची चाकं तारांची होती. तारांतून हात घालून तबकडीची कड रुमालाने पुसली. रुमाल लाल झाला आणि त्याला तिळाच्या तेलाचा वास आला. ग्रीसला असा वास येत नाही.

वकिलांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नीला सारी गल्ली अक्का म्हणे.

"अक्का, काल गाडीची पूजा कुणी केली?"

"मीच की!" अक्का कौतुकाने म्हणाल्या. "नवं लोखंड घरात आलं की तिळाच्या तेलाचा हात फिरवायचा, मग कुंकू. गंज धरत नाही. त्या तबकड्या कशा चकचकीत! तारांतून हात घालून सगळीकडे लावलं बघा." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून थबकल्या. "का हो, सरी नव्हतं का ते? चुकलं का काही?"

तेलामुळे चिमटा तबकडीवरून घसरला आणि ब्रेक लागलाच नाही, हे मी सांगितलं. वकील मान खाली घालून बसले. अक्का मात्र उठल्या. "अय्यो, त्या बिचाऱ्याला माझ्यापायी डांबलंत? चला आधी ठाण्यात."

जबाब त्यांनीच पुढे होऊन दिला. मिस्त्री सुटला. अक्कांना हात जोडताना पाहून तो ओशाळला. "अक्का, ड्रमला काही झालं नसतं. डिस्कला तेल लावू नका, हे मीच सांगायला पाहिजे होतं."

सायकलस्वाराच्या उपचाराचा भार वकिलांनी उचलला आणि ब्रेकची दुरुस्ती त्याच मिस्त्रीकडे दिली. पुढच्या खंडेनवमीला तो घरोघर सांगत फिरला, "कुंकू बॉनेटला लावा, चाकाला नको." अक्कांनी तर त्यालाच पूजेला बसवलं. मला त्याचा फार आनंद झाला.

वाईट हेतू हुडकण्यात आम्हा पोलिसांचा जन्म जातो. त्या प्रकरणानंतर मी प्रत्येक तपासात आणखी एक प्रश्न विचारू लागलो: इथे कुणी भलं करायला गेलं होतं का? त्या प्रश्नाने पुढे बरीच निरपराध माणसं आपापल्या घरी गेली.