मोहाखालचा डबा

कुणी लपवलेला डबा मोबाईलच्या नकाशावरून शोधायचा, असा तो जिओकॅशिंगचा खेळ. माझी पहिलीच खेप. नक्षलग्रस्त सालेकशाच्या जंगलात नकाशानं मला एका मोहाच्या झाडाशी आणलं. बाकी झाडांखालची फुलं वेचलेली, इथली मात्र कुजत पडलेली. मी ढोलीत हात घातला.

"मांगं हो बाई! बम आहे त्यात!"

मोहफुलं वेचणारी एक बाई टोपली टाकून धावत आली. तिनं माझं मनगट घट्ट धरलं. मी ते सोडवलं, डबा बाहेर काढला आणि अंगापासून लांब धरून झाकण उघडलं. आत प्लॅस्टिकची मोटार आणि गोट्या.

"खेळ आहे हा," मी म्हटलं.

ती हसली नाही. "खेळ होता, त आमाले काऊन नाई सांगतलं? यंदा या झाडाखाली पाय नाई ठेवला मी."

नियमाप्रमाणे डबा परत तिथंच ठेवायचा होता. ती माझ्या हाताकडे बघत उभी होती.